आठवा ठोकळा

खासनीस साहेब अंगणवाडी तपासायला आले की बाईही दबकून वागायच्या. त्या दिवशी त्यांची नजर सोमीच्या पेटीवर पडली. आठ लाकडी ठोकळे रचले की त्या पेटीत नेमका एक मोठा ठोकळा तयार व्हायचा. आज एक कोपरा रिकामा होता.

"आठवा कुठाय?" साहेब कडाडले.

"आईच्या बोचक्यात," पाच वर्षांची सोमी म्हणाली. "ती वीटभट्टीवर राहायला निघाली, तेव्हा मीच टाकला."

"सरकारी वस्तू आहे ती! आजच्या आज पेटीत आली पाहिजे. माझा हुकूम आहे!"

बाई घाबरून म्हणाल्या, "मी दुसरा ठेवते, साहेब."

"नाही बाई, ज्याच्याकडे ठोकळा, त्यानेच जागेवर ठेवायचा. रोज तुम्हीच सांगता ना?" असं म्हणून सोमी साहेबांकडे वळली. "साहेब, हा हुकूम भट्टीवाल्या शेठला सांगा. आमचं तो ऐकत नाही. तुमचं ऐकून आईला आज घरी सोडेल."

मग सोमीने सातही ठोकळे नीट रचले आणि आईचा कोपरा मोकळा ठेवला.