न ओळखायची खिरापत

बोरमाळ कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत, ओढ्याला लागून, आता सात मजली इमारत उभी आहे. कोजागिरीच्या संध्याकाळी तिच्या तळमजल्यावरच्या गाड्या बाहेर रस्त्यावर काढून लावतात. ही गोष्ट मुळातच नोंद घेण्यासारखी आहे, कारण एरवी त्या गाड्या रुग्णवाहिकेलाही जागा देत नाहीत. मोकळ्या झालेल्या फरशीवर मधोमध पाट मांडतात, पाटावर खडूने हत्ती काढतात आणि त्याच्याभोवती कॉलनीतल्या बायका-मुली फेर धरतात. या भागात बाकी सगळीकडे भोंडल्याचे हत्ती दसऱ्याला पुसले जातात. बोरमाळला एक भोंडला कोजागिरीसाठी राखून ठेवलेला असतो आणि तो इथेच होतो.

पाहुण्यांना खरे नवल वाटते ते गाणी संपल्यावर. यजमानीण खिरापतीचा झाकलेला डबा आणून ठेवते. आत काय आहे ते ओळखायचे, हा खेळ सगळीकडचाच. इथे मात्र ओळखत नाहीत. तळणाचा वास जिन्यातून वरपर्यंत भरून राहिलेला असतो, तरी बायका एकामागून एक चुकीची नावे घेत बसतात. एकदा कोणाच्या तरी विहीणबाई नवख्या होत्या, त्या पहिल्याच फटक्यात खरे उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. सगळ्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले. विहीणबाईंनी तेच पुन्हा, मोठ्याने सांगितले. तेव्हा शेजारच्या बाईने त्यांना पाणी आणून दिले.

असे का, म्हणून विचारले की पाहुण्याला तात्या फणशांकडे धाडतात. तात्या कॉलनीचे माजी चिटणीस. ही हकिकत ते इतक्या बारकाव्यांनिशी सांगतात की ते स्वतः तिथे हजर असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी ते पाळण्यात होते, आणि भोंडल्याला पुरुषांना प्रवेशही नव्हता. पण त्यांची आई त्या फेरात होती. आख्यायिकेला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

तर सांगतात ते असे. कॉलनी वसली तेव्हा इथे म्हणे बोरीची झुडपे आणि ऊन एवढेच होते. प्लॉट पडले, बैठी घरे झाली, निरनिराळ्या गावांची माणसे राहायला आली. पुरुष सकाळी सायकली काढून कामावर जात, त्यामुळे त्यांची आपापसांत भांडणे व्हायला वेळ लागला. बायकांना एकत्र आणले ते भोंडल्याने. नवरात्रात रोज एकीच्या घरी भोंडला. आणि एकत्र आलेल्या बायकांना पुन्हा वेगळे केले ते खिरापतीने.

कारण जिची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही ती जिंकली, असा हिशेब होता. त्यासाठी बायका काय वाटेल ते करत. वाण्याला सुगावा लागू नये म्हणून दुसऱ्या पेठेतून जिन्नस आणत. नवऱ्याला सांगत नसत, कारण नवरे फितूर होतात. पण या सगळ्या बंदोबस्ताचा उपयोग नसे, कारण फेरात द्वारकाकाकू सबनीस असत.

द्वारकाकाकू दुसऱ्या गल्लीत राहत. उंच, हडकुळ्या, बोलायला तुटक. डबा कानाशी धरायचा, एकदा हलवायचा आणि नाव सांगायचे, एवढेच त्यांचे काम. रव्याचा लाडू कसा गडगडतो आणि बुंदीचा कसा, हे त्यांना कळे. डबा टॉवेलात गुंडाळून आणला तरी कळे. सुमतीबाई लोंढ्यांनी एका वर्षी वास लपवायला डब्याशेजारी डांबराच्या गोळ्या ठेवल्या. काकूंनी डबा हलवला आणि म्हणाल्या, "नारळाची बर्फी. ट्रंकेतून काढलेली." ते वाक्य कॉलनीत पुढे कित्येक वर्षे चालले. सुमतीबाईंनी त्यानंतर देवापाशी दुसरे काही मागितले नाही. या बाईचे एकदा, फक्त एकदा चुकू दे, एवढेच मागितले.

एका पावसाळ्यात ओढ्याकाठच्या घरात गावंडे म्हणून जोडपे आले. उत्तमराव गावंडे कारखान्यात फिटर होते. त्यांची बायको कौसल्या, वऱ्हाडातल्या दर्यापूरकडची, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. नवऱ्याची कायम दुसरी पाळी. तो दुपारी जाई आणि सगळे निजल्यावर येई. कॉलनीत सगळे दळणवळण कंपाउंडच्या भिंतीवरून चाले, आणि कौसल्येच्या भिंतीपलीकडे नुसता ओढा होता. तिच्याकडे का जात नाही असे कोणी विचारले असते तर बायकांनी चिखलाचे कारण सांगितले असते. पाऊस संपला, चिखल वाळला, तरी कारण तेच राहिले.

नवरात्रात तिला नवमीचा दिवस मिळाला. तिने सतरंज्या गोळा केल्या, घर सारवून घेतले, पाटभर हत्ती काढला. हत्ती थोडासा म्हशीकडे झुकला होता, पण कोणी बोलले नाही. बायका आल्या, फेर धरला, गाणी झाली. कौसल्येने डबा आणला. तो आधी कोणाकडे द्यायचा याची तिला कल्पना नव्हती. तिने तो पदराखालून काढून काकूंच्याच हातात दिला.

काकूंनी एकदा हलवला. "तिखट शंकरपाळे," त्या म्हणाल्या. "ओवा जास्त पडलाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. झाकण निघाले, शंकरपाळे निघाले, ओवाही निघाला. चांगले झालेत म्हणत सगळ्यांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी दसरा, कोणाला पुरण घालायचे होते, कोणाला झेंडूची तोरणे करायची होती. बघता बघता ओसरी रिकामी झाली.

काकू गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा चपला पायाला टोचू लागल्या. डब्यातला लाडू कानाने ओळखणाऱ्या बाईने दुसऱ्याच कोणाच्या चपला घातल्या होत्या. त्या परत फिरल्या.

दार उघडेच होते. कौसल्या पाटाशेजारी बसली होती. तिच्यापुढे आणखी एक डबा होता, पहिल्याहून मोठा. तो उघडायची पाळीच आली नव्हती. काकूंनी चपला बदलल्याचे सांगितले. तिने उठून कोपऱ्यातला जोड आणून दिला आणि तिथेच उभी राहिली.

"काकू, तुम्ही ओळखलं ते बरोबरच ओळखलं," ती म्हणाली. "पण आमच्याकडच्या भोंडल्यात, भुलाबाईत, खाऊ ओळखता ओळखता जेवणाची वेळ टळून जाये. मी तं किती दिवसांपासून म्हणत होती, आज बाया बसतील, बोलतील. तुम्ही एका हिसक्यात सांगून दिलं, अन् सगळ्या चालल्या गेल्या ना वो."

"अगं, उद्या दसरा आहे," काकू म्हणाल्या.

"मालूम आहे. दसरा झाला की मी जाऊन राहिली माहेरी. ह्यांना सांगून दिलं, खोली सोडा. मी काही वापस येत नाही."

झाकण उघडायच्या आत उत्तर देणाऱ्या द्वारकाकाकूंनी चपला बदलल्या. त्या घरी आल्या. वाटेत त्यांनी आठवून पाहिले. सबंध पावसाळ्यात या मुलीशी त्या किती बोलल्या? चपलांसाठी परत फिरेपर्यंत एक वाक्य बोलल्या होत्या. ते आजचेच, आणि ते ओव्याबद्दल होते.

त्या दिवशी काकूंनी नवस केला असे काही जणी सांगतात. कोणत्या देवाला, ते मात्र कोणी सांगत नाही. तात्यांच्या मते नवसबिवस काही नव्हता. काकूंना जेवण गेले नाही, इतकेच.

दसऱ्याला सोने द्यायला बायका जमल्या तेव्हा काकूंनी जाहीर केले, की यंदा आणखी एक भोंडला आहे, कोजागिरीला, गावंड्यांकडे. मोठा गहजब झाला. सुमतीबाई म्हणाल्या की दसऱ्यानंतर भोंडला शास्त्रात बसत नाही. कोणत्या शास्त्रात, हे त्यांनाही सांगता येईना, पण त्यांचा आवाज मोठा होता. काकूंनी सांगितले की वऱ्हाडात भुलाबाई कोजागिरीपर्यंत चालते, आणि तिथली माणसे अजून ठणठणीत आहेत.

"पाप लागलं तर माझ्या नावावर मांडा," काकू म्हणाल्या. तो प्रश्न तिथे मिटला.

मग त्या ओढ्याकाठी गेल्या. कौसल्येची ट्रंक भरून झाली होती. काकूंनी एवढेच विनवले, की कोजागिरीपर्यंत थांब, पुढे तुझी मर्जी. कौसल्येने ट्रंकेभोवती सुतळी आवळून गाठ मारली.

"थांबते," ती म्हणाली. "पण खाऊ तोच करीन. दुसरा करणार नाही."

कोजागिरीला बायका आल्या त्या बहुतेक कुतूहलानेच आल्या. गल्लीच्या तोंडाशीच ओव्याचा वास आडवा आला. कौसल्येने दार-खिडक्या सताड उघड्या टाकून तळण केले होते. बिचारीला खेळच कळला नाही असे काहींना वाटले. सुमतीबाईंना वाटले, ही काकूंना फुकटचा विजय देते आहे. ओसरीवर दारालगत ट्रंक ठेवलेली होती, सुतळीने घट्ट आवळलेली.

गाणी संपली. कौसल्येने डबा काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली. बसली नाही. काकूंनी डबा कानाशी नेला, एकदा हलवला. आत शंकरपाळे खळखळले. ते त्या फेरातल्या सगळ्यांना, अगदी कडेवरच्या पोरांनाही ऐकू आले. सगळ्या काकूंच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"बेसनाचे लाडू," काकू म्हणाल्या.

"नाही," कौसल्या म्हणाली.

अशी शांतता त्या कॉलनीत त्यापूर्वी फक्त दुपारी पाणी गेल्यावर व्हायची, असे तात्या सांगतात. सुमतीबाई ताठ बसल्या. इतक्या वर्षांचे मागणे देवाने एका झटक्यात पुरे केले होते आणि वर बरोबर उत्तरही वासासकट पुढ्यात वाढून ठेवले होते. त्यांनी श्वास घेतला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. विनवणीचा भाव त्या चेहऱ्याला कधी जमलाच नव्हता, तो आताही जमला नाही. काकूंनी फक्त नजर वळवली आणि दारालगतच्या ट्रंकेवर नेऊन ठेवली. सुमतीबाईंचीही नजर तिकडे गेली. सुतळी, गाठ, आणि गाठीशेजारी उभी असलेली ती पोर.

त्या क्षणी सुमतीबाईंच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसले ते पुढे त्यांचे यजमान गेले तेव्हाही दिसले नाही, असे म्हणतात.

"अनारसे," सुमतीबाई म्हणाल्या.

मग कोणी चिरोटे म्हणाले, कोणी सांजोऱ्या, कोणी दडपे पोहे. कौसल्या प्रत्येकीला नाही म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज बारीक होत होता. आपली थट्टा चालली आहे असे तिला वाटले असावे. तेव्हा काकूंनी पुन्हा डबा उचलला, नाकाशी नेला आणि अतिशय गंभीरपणे विचारले, "यात ओवा आहे का गं?"

"आहे."

"मग श्रीखंड."

आधी सुमतीबाई हसल्या. मग कौसल्या हसली, इतकी की तिला दाराचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसता ती फेरात येऊन बसली.

पुढे ओळखण्याचे निमित्तच राहिले. सांजोऱ्या म्हणणारीने आपल्या आत्याच्या सांजोऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यावर दुसरीने आपल्या सासूच्या हाताची सांगितली, ती अर्थातच फारशी गोड नव्हती. कौसल्येने दर्यापूरची भुलाबाई सांगितली, आई सांगितली, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या सांगितल्या. चुलीवरचे दूध उतू गेले, दुसरे ठेवले. नवरे बायकांना शोधत गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि आतला आवाज ऐकून परत गेले. चंद्र ओढ्यावर येऊन ठेपला होता, आणि डबा उघडेपर्यंत तो तिथून हलला नाही म्हणे. पंचांगात तशी नोंद नाही.

शेवटी कौसल्येनेच विचारले, "हरल्या का वो साऱ्या?"

सगळ्या काकूंकडे वळल्या. हा शब्द काकूंनी जन्मात उच्चारला नव्हता.

"हरले," काकू म्हणाल्या.

झाकण निघाले. काकूंनी एक शंकरपाळा उचलून सावकाश खाल्ला. "ओवा बेताचा पडलाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई कपडे वाळत घालायला हवी म्हणून ट्रंकेची सुतळी मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे तारा होत्या. कौसल्या दिवाळीला माहेरी गेली, पण चारचौघी जातात तशी, आणि परत येताना तुरीची डाळ घेऊन आली. पुढे ती त्याच घरात म्हातारी झाली. द्वारकाकाकू गेल्या, सुमतीबाई गेल्या, घर पाडून इमारत झाली. कोजागिरीचा भोंडला तेवढा जागेला चिकटून राहिला.

आजही त्या भोंडल्याचा मान कॉलनीत सगळ्यांत शेवटी राहायला आलेल्या बाईचा असतो. ती हरलात का म्हणून विचारीपर्यंत कोणी उठत नाही. गेल्या वर्षी हा मान तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आलेल्या एका मुलीला मिळाला. तिचे कोणी ओळखीचे नव्हते, आणि नोकरीपायी तिला तळण करायला वेळ नव्हता. तिने दुकानातून पुठ्ठ्याचा डबा आणला आणि फेराच्या मधोमध ठेवला. डब्यावर पदार्थाचे नाव ठळक लाल अक्षरांत छापलेले होते. बायकांनी ती अक्षरे पाहिली, मग त्या मुलीकडे पाहिले, आणि एकेकीने चष्मा काढून ठेवला.