उभ्या कानांची वस्ती

त्या राज्यात बोलणारा एकच होता आणि बाकी सगळे ऐकणारे होते. डोंगरमाथ्यावर पितळेचा एक मोठा कर्णा बसवला होता. दिवस कलला की सिंहमहाराज त्यातून बोलत आणि त्यांचा आवाज पार खालच्या बिळापर्यंत पोचे. कर्ण्यापाशी उभं राहिलं तर कानठळ्या बसत, म्हणून दरबारी मंडळी तिकडे फारशी फिरकत नसत.

प्रजा खरंच ऐकते की नुसती बसून राहते, ही शंका महाराजांना छळू लागली. तिचा छडा लावायला त्यांनी उन्नतकर्ण नावाच्या सशाला श्रवणाधिकारी नेमलं. त्याच्याइतके लांब कान राज्यात कुणाचे नव्हते, आणि एवढी पात्रता दरबाराला पुरेशी वाटली.

उन्नतकर्ण हुशार होता. कर्णा सुरू झाला की तो वस्त्यावस्त्यांतून फिरे आणि कुणाचे कान उभे, कुणाचे पडलेले, ते पाही. उभा कान म्हणजे ऐकणारा कान. त्याने स्वतः मात्र ऐकायचं नसे. महाराजांच्या बोलण्यात गुंगून गेलं तर निरीक्षणात खोट यायची. म्हणून निघताना तो दोन्ही कानांत सावरीचा कापूस गच्च भरी. वाटेत कुणी बोलायला आलंच, तर त्याचा मान राखावा म्हणून हसून मान डोलवी. एवढा मोठा अधिकारी, पण कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही, असं त्याचं नाव झालं होतं. बायकोने ते सांगितलं तेव्हा तो चांगलाच सुखावला होता.

सगळ्यांत गुणी वस्ती कड्याखालची. तिथली भेकरं, चितळं, अगदी हाडं वर आलेली म्हातारी शेळीसुद्धा कान ताठ करून बसलेली असे. त्या वस्तीतल्या एका वयस्क भेकराला सारे आत्याबाई म्हणत. उन्नतकर्ण आला की त्या त्याच्याबरोबर वेशीपर्यंत चालत जात आणि पुष्कळ काही बोलत. तो मान डोलवी. मग त्याही निश्चिंत होऊन परतत. दरबारात त्याने या वस्तीची तोंड भरून स्तुती केली आणि तिचा जाहीर गौरव व्हावा असं सुचवलं.

गौरवाच्या दिवशी तो शेजारच्या वस्तीत होता. पायाखालची जमीन हादरली. वळून पाहिलं तर कड्याच्या जागी धुळीचा लोट उठला होता. तो धावत सुटला. पोचला तेव्हा अर्धी वस्ती दरडीखाली गेली होती आणि उरलेले जीव दगड उकरत होते. आत्याबाई त्याच्यासमोर आल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्याची मान सवयीने डोलू लागली, आणि त्याची त्यालाच शिसारी आली. त्याने कानांतला कापूस उपसून काढला.

पहिल्यांदा कर्णाच ऐकू आला. महाराज कड्याखालच्या वस्तीचं कौतुक करत होते.

"माझी धाकटी आत आहे," आत्याबाई म्हणाल्या. "दगड सरकल्याचा आवाज रोज येत होता. त्याचाच कानोसा घेत बसायचो आम्ही. दर खेपेला तुम्हाला म्हटलं, ससेराव, महाराजांना विचारा, वस्ती हलवू का? तुम्ही मान डोलावलीत. निरोप पोचला म्हणून हुकमाची वाट पाहत राहिलो."

तेव्हा त्याला आठवलं. या वस्तीचे कान उभे असत खरे, पण त्यांची तोंडं कड्याकडे असत. कर्णा सगळ्यांच्या पाठीमागे होता. हे त्याने रोज पाहिलं होतं.

"मला ऐकू आलं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला.

"एवढाल्या कानांनी?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली पडलेला कापूस त्याने हळूच पायाखाली लपवला. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि त्या पुन्हा दगड उकरायला गेल्या. थोडा वेळ तोही उकरत राहिला. त्याच्याजवळ जागा असूनही कुणी येत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं की त्याच कड्याखाली अजून दोन वस्त्या आहेत आणि त्याही हुकमाची वाट पाहताहेत. तो तडक डोंगराकडे निघाला.

कानांत काही न घालता तो वर चढला. कर्ण्याच्या आवाजाने डोकं फुटेल असं वाटत होतं, तरी थांबला नाही. महाराजांचं बोलणं संपलं आणि तो त्यांच्या पायाशी बसला. त्याने सगळं सांगितलं. कापूस, डोलावलेली मान, आत्याबाईंची धाकटी, काहीही झाकून ठेवलं नाही. उरलेल्या दोन वस्त्या आजच्या आज हलवायचा हुकूम द्या, म्हणून तो रडत विनवू लागला.

महाराजांनी त्याला एकदाही मधेच तोडलं नाही. ते मायेने हसले आणि त्यांनी मान डोलावली. सशाचा जीव भांड्यात पडला. निरोप पोचला, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, आयाळ जराशी बाजूला झाली, आणि महाराजांच्या कानाच्या तोंडाशी त्याला सावरीच्या कापसाचं पांढरं टोक दिसलं. महाराज अजून मान डोलवत होते.