डब्यातले पेढे

सांगलीच्या एका पंप कंपनीच्या वार्षिक सभेला मथुताई केंकरे दरसाल पेढ्यांचा डबा आणत. यजमान गेल्यापासून याच कंपनीच्या लाभांशावर त्यांचं घर चाललं होतं, त्याची जाण म्हणून.

यंदा अध्यक्ष भडसावळे रुबाबात म्हणाले, "लाभांश मिळणार नाही. नफा कंपनीतच राहिला की वाढतो, एवढं तरी समजून घ्या!" आणि सवयीने त्यांनी पेढ्यांकडे हात नेला.

मथुताईंनी झाकण लावलं. "असू द्यात साहेब. डब्यातच राहिले की वाढतील."

सभा खो खो हसली. अध्यक्ष ओशाळले. अर्धा नफा वाटायचा आणि अर्धा नव्या यंत्राला ठेवायचा, असं ठरलं.

मथुताईंनी डबा उघडून एक पेढा मोडला. "फार उपकार झाले, साहेब. हा अर्धा तुम्हाला, आणि हा अर्धा त्या नव्या यंत्रापुढे ठेवा."