चोर दाखवणारं दार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की खोटी ठरवायला कुणी उरलेलं नाही. तेव्हा निमूट ऐका.

डोंगराच्या पोटातल्या एका गावात चोर ओळखायची मोठी सोपी रीत होती. ज्याच्यावर संशय, त्याला दिवस कलताना चावडीच्या पश्चिमेच्या दारात उभं करायचं. गाव समोर अंगणात बसून त्याचं तोंड बघणार. मनातलं पाप तोंडावर उमटतं म्हणे. दोन संध्याकाळी उमटलं, की माणूस गावाबाहेर. डोकं चालवायची कटकटच नाही.

एकदा देवीचे चांदीचे डोळे गेले. आदल्या दिवशी देवळाचं कवाड गावातल्या सुतारणीच्या धाकट्या भावानं दुरुस्त केलं होतं. झालं, उभा केला त्यालाच. मान खाली, डोळे बारीक, कपाळावर घाम.

"उमटलं," गाव म्हणालं.

सुतारणीलाही चोरच दिसला होता. अंगाखांद्यावर खेळवलेला पाठचा भाऊ, आणि आपल्यालाच तो चोर दिसावा? मग चोरच असेल का?

अंगण रिकामं झालं. ऊन अजून होतं. ती जाऊन त्याच दारात उभी राहिली. चौकट ठेंगणी, मान वाकवावीच लागली. ऊन थेट डोळ्यांत.

पाण्याला निघालेली म्हातारी आत्या थबकली. "काय गं, तू काय चोरलंस?"

"मी? काही नाही, आत्या."

"मग अशी चोरासारखी का बघतेस?"

सुतारीण घरी धावली ती रंधा घेऊनच बसली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं अंगणाच्या सावलीत एक नवी उंच चौकट रोवली. भावाला त्यात उभं केलं. गावाला दिसलं एक घाबरलेलं, रडवेलं पोर.

"आता पाटील, तुम्ही जरा त्या जुन्या दारात या."

पाटील मोठ्या ऐटीत गेले. वाकले, डोळे किलकिले केले, घामाघूम झाले.

"अगं बाई, हाही सामील," मागून आत्या पुटपुटली.

पाटील तणतणत बाहेर आले. "तुझ्या चौकटीत खरा चोरही साधू दिसेल की."

"दिसेल," सुतारीण म्हणाली. "म्हणून म्हणते, चौकटीला विचारूच नका. आधी देवीचे डोळे शोधा."

तेवढं सोडून गावानं सगळं केलं होतं. शोधले, तर देवळामागच्या निर्माल्याच्या खड्ड्यात सापडले. अंघोळ घालताना निखळले, आणि गुरवानं सुकल्या फुलांसोबत टाकून दिले. गुरवाचं तोंड मात्र कुठल्याच चौकटीवाचून उतरलं.

तेव्हापासून त्या गावात, दुसऱ्याला चोर म्हणायचं असेल त्यानं आधी स्वतः त्या दारात उभं राहायचं असतं. चोर एकदम कमी झालेत.

आणि हसू नका. त्या अंगणात तुम्ही असता, तर "उमटलं" म्हणायला पहिले तुम्हीच असता.

बोध एवढाच: माणसाचं तोंड वाचण्याआधी, आपण त्याला कुठल्या दारात उभं केलंय ते बघावं.