कोंडाईचा दुसरा मणी

एकदा काय झालं, एका राज्याचा राजा वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. मग गादीवर कोण बसणार? प्रधान म्हणाला, "अकरा गावांनी एकेक शहाणं माणूस पाठवावं. ती अकरा माणसं राजा निवडतील."

डोंगरावरच्या गावानं कोंडाईला पाठवलं. राजा व्हायला तिघं उभे होते, बरं का. प्रत्येकाच्या नावाचा एकेक रंगीत मणी. हिरव्या मण्याचा भिवबा, तो कोंडाईचा सख्खा भाऊ. पिवळ्या मण्याचा यमाजी, त्याचं नि भिवबाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि लाल मण्याचा मानाजी. त्याला डोंगरातला झरा वळवून आपल्या बागेत न्यायचा होता. मग कोंडाईच्या गावानं प्यायचं काय?

प्रधानानं त्या अकरा जणांना एकेक दोरा आणि तिन्ही रंगांचे मणी दिले. सगळ्यात आवडत्याचा मणी वर ओवायचा. खाली दुसऱ्या आवडीचा, त्याच्या खाली तिसऱ्याचा. वरचा गडी हरला, तर त्याचा मणी काढायचा आणि खालचा मोजायचा.

भिवबानं बजावलं, "कोंडे, माझा एकटाच मणी ओव. खाली यमाजी दिसला, तर आपली भाऊबीज संपली."

मग कोंडाईनं एकटा हिरवा मणी ओवला. तिला झऱ्यावरच्या बाया आठवल्या, तिनं तो काढला. मग पिवळा वर ओवला. पण भावाला खाली कसं ढकलायचं? तोही काढला. मग वर हिरवा, खाली पिवळा, तळाला लाल. आणि तिनं घट्ट गाठ मारली.

चावडीवर मोजणी झाली. लाल चार, पिवळे चार, हिरवे तीनच. भिवबा हरला. मग प्रधानानं त्याचे तिन्ही दोरे सोडले. दोघांनी खाली काहीच ओवलं नव्हतं, ते दोरे वाया गेले. तिसऱ्यात पिवळा मणी निघाला. तो दोरा कोंडाईचा, हे सगळ्यांनी पाहिलं.

पिवळे पाच झाले, यमाजी राजा झाला. झरा जागच्या जागी राहिला. पण भाऊबीजेला भिवबा आला नाही. कोंडाईनं पाट मांडला, वाट पाहिली, शेवटी चंद्राला ओवाळलं आणि पोटभर रडली बिचारी.

मग उन्हाळा आला. भिवबाच्या गावची विहीर आटली. तो घागर घेऊन झऱ्यावर आला, तर समोर कोंडाई. तिनं त्याची घागर भरून दिली.

भिवबा म्हणाला, "कोंडे, वर मलाच ओवलं होतंस ना?"

"तुलाच, दादा."

"मग खाली यमाजी का?"

"तू हरलास, तरी गाव तहानलेलं राहू नये म्हणून."

भिवबा झऱ्याचं ओंजळभर पाणी प्याला. मग घागर खांद्यावर घेत म्हणाला, "यंदा पाट मांड. येतो मी."

आणि आला हो. मग सगळे सुखानं नांदले. चला, आता पाय पोटाशी घ्या, आणि मिटा बरं डोळे.