सोमवारचा तांदूळ

डोंगरपायथ्याच्या एका लहानशा शाळेत गिरजाबाई पोरांसाठी खिचडी रांधत असे. एका सोमवारी तालुक्याहून केदारे साहेब तपासणीला आले. तांदळाची वही चाळताना त्यांच्या भुवया चढल्या.

“पोरं रोज तेवढीच, मग दर सोमवारी तांदूळ दुप्पट कसा लागतो? घरी नेता वाटतं?” त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. “उद्यापासून दुसरी बाई बघतो.”

गिरजाबाईचं घर याच कामावर चालायचं. तरी तिचा आवाज थरथरला नाही.

“साहेब, रविवारी शाळेला सुट्टी असते,” ती म्हणाली, “पोटाला नसते.”

साहेब हसले. “कागदावर तर या गावात गरीब घरं चारच आहेत!”

“कागदाला भूक लागत नाही, साहेब. पोरांना विचारा.”

पंगतीत दुसरीतली छबी तिसऱ्यांदा ताट पुढे करत होती. साहेब तिच्यापाशी वाकले. “बाळ, काल काय जेवलीस?”

छबीने जरा आठवून पाहिलं. “शनिवारी खिचडी होती,” ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. “बाई, चुकलो मी,” म्हणत त्यांनी वही मिटली आणि सोमवारचा तांदूळ वाढवून देण्याचं तिथेच लिहून दिलं.

गुरुजींनी गिरजाबाईचं तोंडभर कौतुक केलं, पण तिचं लक्ष नव्हतं. पातेल्याचा तळ खरवडून ती छबीला वाढत होती. परवापासून दिवाळीची सुट्टी लागणार होती, चांगली पंधरा दिवसांची.