उमरजकर साहेबांचं नाक

सरकारी खाद्यमेळ्यात तपासनीस उमरजकर असे फिरत होते, जणू एकूण एक बरणी कटात सामील आहे. मथुराबाई वैतीच्या स्टॉलवर त्यांनी लसणाच्या चटणीवरची हिरवी खूण नखाने खरवडून पाहिली.

"कोळणीच्या हातची चटणी आणि शाकाहारी? यात सुका जवळा असणारच! मी जन्मात मासळी तोंडाला लावलेली नाही, पण मला कुणी फसवायचं नाही. स्टॉल बंद करा!"

बोलताना त्यांची नजर मात्र शेजारच्या तपकिरी खुणेच्या, जवळ्याच्या चटणीवर घुटमळत होती. मथुराबाईला शंका आली. तिने पाठ फिरवून दोन बश्यांत दोन्ही लालभडक चटण्या काढल्या.

"साहेब, यातली जवळ्याची कुठली, तुम्हीच सांगा."

साहेबांनी दोन्ही बश्या हुंगल्या. "ही! आणि जवळा जरा जास्तच भाजलाय. त्या दुसरीत नुसता लसूण."



"म्हणजे माझी हिरवी खूण खरी, हे तुम्हीच सांगितलंत," मथुराबाई म्हणाली. "आता एवढंच सांगा, जवळा जास्त भाजलाय हे ज्याला नुसत्या वासावरून कळतं, त्या माणसावर कुठली खूण लावायची?"